उताऱ्यात नाही ते

देवरुख, जि. रत्नागिरी
४ डिसेंबर १९७४

ती. अप्पांना दाक्षायणीचा नमस्कार. अव्वालाही सांगा.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. दिवाळीहून परतले ती थेट सहामाहीच्या पेपरांत बुडाले. अप्पा, जन्मभर तुम्ही मराठी शिकवलंत, तर मला एक सांगा, सारांश शिकवायचा तरी कसा? दहावीच्या मुलींनी माझा पार भुगा केला आहे. उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहा म्हटलं, की निम्म्या मुली पहिली चार वाक्यं उतरवून काढतात आणि शब्द भरले की पेन खाली ठेवतात. उरलेल्यांना सारांश म्हणजे तात्पर्य वाटतं. उतारा कुठलाही असो, खाली ‘यावरून आपण नेहमी खरे बोलावे’ हे ठरलेलं. परवाचा उतारा धरणाच्या फायद्यांवर होता. त्यावरूनही आपण नेहमी खरे बोलावे! एकीचा सारांश तर उताऱ्याहून मोठा. विचारलं तर म्हणते, “बाई, उतारा अपुरा वाटला.” वर्गात हसले, पण नंतर स्टाफरूममध्ये डोकं धरून बसले.

हसण्यावारी नेऊन भागणार नाही. फेब्रुवारीत इन्स्पेक्टर येणार आहेत. मला जूनपासून कायम करायचं की नाही ते यंदाच्या कामावर ठरेल. जुन्या बाईंनी सांगून ठेवलं आहे, मध्ये रजेचा खंड पडू देऊ नकोस. नाहीच पडू देणार. कायम झाले की मी कुणाची मिंधी नाही. त्या घरची माणसं पुन्हा मला न्यायला आली होती का? आली तर सांगा, दाक्षायणी लग्न करून तुमच्याकडे आली होती, तीन वर्षं मार खाऊन बाहेर पडली, आता ती पगारी बाई आहे.

तुम्ही पूर्वी वर्गासाठी स्वतः उतारे रचायचा, तसा एक मला रचून पाठवा ना. धरण, शिस्त, वेळेचं महत्त्व यातलं काही नको. गोष्ट हवी, डोळ्यांत पाणी आणणारी. मुलींना तशीच आवडते.

अव्वा दिवाळीत वाळल्यासारखी दिसली. मी म्हटलं तर “तुझेच डोळे मोठे झालेत” म्हणाली. तिला रोज कपभर दूध घ्यायला लावा.

तुमची
दाक्षायणी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
भवानी पेठ, सोलापूर
१२ डिसेंबर १९७४

चि. दाक्षायणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अव्वाला दोनदा वाचून दाखवलं. धरणावरून खरे बोलावे हे ऐकून ती एवढी हसली की तिला ठसका लागला. दुधाचं सांगितलं. दूध मांजरं पितात म्हणाली.

आता सारांशाचं. तू मुलींना लिहायला लावतेस तिथेच चुकतेस. आधी बोलायला लाव. उतारा मोठ्यानं वाच, पुस्तकं मिटायला सांग, आणि एकीला उभं करून म्हण, तुझी शेजारीण आज शाळेत आली नाही, तिला आज काय वाचलं ते सांग. बोलताना पोर आपोआप गाळते. माझ्या वर्गात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी दखनी, आपल्यासारख्यांच्या घरी कानडी, आईला अव्वा म्हणणारे. मराठी सगळ्यांचीच शिकलेली. पोरांजवळ शब्दच थोडे, म्हणून ती उधळपट्टी करत नसत आणि सारांश छान लिहीत.

मग पेन्सिल घेऊन एक वाक्य खोड आणि उरलेलं वाचून बघ. उतारा लंगडला तर ते वाक्य परत घे. नाही लंगडला तर त्याला निरोप दे. दाखले, वर्णनं, तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगितलेली, यांना सारांशात जागा नाही.

आणि एक गोष्ट फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेव. उताऱ्यात नाही ते सारांशात आणायचं नाही. लिहिणाऱ्याच्या मनात काय असेल, त्याच्या घरी काय चाललं असेल, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. जे कागदावर आहे तेवढंच. या एका चुकीला मी सरळ शून्य द्यायचो. तुलाही दिलं होतं नववीत. तू घरी येऊन अव्वाच्या मांडीवर रडलीस आणि ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. पण चूक तू पुन्हा केली नाहीस.

उतारा सावकाश रचून पाठवतो. त्या घरून कुणी आलेलं नाही. आलं तर अव्वाच बोलेल, मला तेवढं चांगलं मराठी येत नाही.

अप्पा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
भवानी पेठ, सोलापूर
५ जानेवारी १९७५

चि. तिप्पण्णास आशीर्वाद.

तू निंगव्वाचा पाठचा भाऊ, म्हणून तुला पहिल्यांदा कळवतो. तुझ्या अक्काचं पोटात दुखणं पित्ताचं निघालं नाही. गाठ आहे आणि ती पसरली आहे. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, मास्तर, आता कुठे नेऊन तिचे हाल करू नका. उन्हाळा बघेल असं त्यांना वाटत नाही. आम्ही घरी आलो. तिनं पदर खोचला. चूल पेटवली, पिठाचा डबा काढला आणि तो तसाच पुढ्यात घेऊन बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी पूजेला बसलो होतो. हातात इष्टलिंग होतं. ती शेजारी येऊन बसली, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, “दाक्षीला यातलं एक अक्षर कळवायचं नाही. शपथ घ्या.” मी म्हणालो, हे काय बोलणं झालं. तर म्हणाली, “ती सगळं टाकून धावत येईल. रजेचा खंड पडेल, नोकरी जाईल. मी गेले, उद्या तुम्ही गेलात, की ती लोकं तिला हाताला धरून घेऊन जातील. मला तिचा मार पुन्हा बघायचा नाही, वरूनसुद्धा.” तिप्पण्णा, लिंग हातात असताना मी नाही कसं म्हणणार? शपथ घेतली.

आता मला जेवण जात नाही. मी शपथ मोडणार नाही. पण एक मार्ग सुचला आहे. दाक्षायणीनं वर्गासाठी उतारा मागितला आहे, करुण गोष्टीचा. मी गोष्ट रचतो. एक कुंभार, त्याची आजारी बायको, दूर असलेला मुलगा. त्यात आपल्या घरातलं एक अक्षर असणार नाही, म्हणजे शपथही राहिली. आणि दाक्षायणीला सारांश मी शिकवला आहे. मुद्दा कुठे आहे हे तिच्या नजरेतून सुटायचं नाही. ती आपण होऊन येईल.

तुझं मत कळव. जमेल तेव्हा येऊन जा.

गुरुबसप्पा

कुर्डुवाडी
ता. ८/१/७५

दाजींना तिप्पण्णाचा नमस्कार.

पत्र वर्कशापात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. डबा तसाच ऱ्हायला. माज्या आक्कानं मला काखंला मारून वाढवलं हाय, तिचं आसं वाचायची पाळी यावी का माज्यावर.

दाजी, तुमी लई शिकल्याली मानसं. माज्या डोस्क्यात एवडंच येतंय की आई जायला लागली तर लेकीला सांगावं लागतंय. त्याला कुंभार कशाला पायजे? आमच्या हितं इंजनाचा नट ढिला झाला तर आमी पान्यानं आवळतो, त्याला गोष्ट सांगत बसत न्हाय. आन् पोरीला न्हाय कळलं तर? तुमी मास्तर म्हनून तुमाला वाटतंय की सगळं जग तुमच्या वर्गात बसलंय.

आक्कानं तुमाला शपथ घातली, मला न्हाय घातली. तुमी व्हय म्हना, मी हितनं तार करतो. नोकरी गेली तर गेली. ती लोकं आली तर मी हाय की, चार फिटर घिऊन दारात हुबा ऱ्हातो. पन तुमी घरातले मोठे, तुमच्या शबुदाबाहेर जानार न्हाय. लवकर कळवा. रैवारी येतो.

तिप्पण्णा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
भवानी पेठ, सोलापूर
२० जानेवारी १९७५

चि. दाक्षायणीस अनेक आशीर्वाद.

सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरला आहे. पाळण्यांचा आणि भोंग्यांचा आवाज पेठेपर्यंत येतो. तिप्पण्णा मामा येऊन गेला. अव्वानं आशीर्वाद सांगितले आहेत.

तू मागितलेला उतारा सोबत पाठवतो. वर्गाला देण्याआधी तू स्वतः सोडव. दोनदा वाच. तुझा सारांश मला लगेच लिहून पाठव, मुलींचे नंतर पाठवलेस तरी चालतील.

‘एका गावात एक कुंभार आणि त्याची बायको राहत होती. त्यांचा एकुलता एक मुलगा दूर पलटणीत होता आणि त्याला बढती मिळण्याची वेळ आली होती. त्या वर्षी कुंभारीण आजारी पडली. वैद्याने नाडी पाहिली आणि काही न बोलता आपली पिशवी आवरली. कुंभारणीने नवऱ्याकडून वचन घेतले, “पोराला कळवायचे नाही. तो धावत येईल आणि त्याची बढती जाईल.” कुंभाराने वचन दिले. तो रोज चिखल तुडवी, चाक फिरवी, आवा पेटवी. धूर डोळ्यांत जातो असे म्हणून तो डोळे पुशी. लोक म्हणत, यंदा धूर फार आहे. कुंभारणीचे अंग दिवसेंदिवस हलके होत चालले. ती खाटेवरून विचारी, “टपाल आले का?” कुंभार म्हणे, “आले. पोर खुशाल आहे.” मग तो अंगणात जाऊन वाटेकडे पाहत उभा राही. त्याला वचन मोडता येत नव्हते आणि पाळवतही नव्हते. त्याला वाटे, ही वाटच उठून पोराकडे गेली आणि तिने सांगितले तर किती बरे होईल.’

उशीर करू नकोस.

अप्पा

देवरुख
२ फेब्रुवारी १९७५

ती. अप्पांना नमस्कार.

अप्पा, तुम्ही मैदान मारलंत! इन्स्पेक्टर आले ते नेमके माझ्या तासाला. मी तुमचाच उतारा घेतला. आधी मोठ्यानं वाचला, पुस्तकं मिटवली, एकीला उभं केलं. मुली अशा बोलायला लागल्या की मलाच थांबवावं लागलं. मग आम्ही फळ्यावर एकेक वाक्य खोडत गेलो. इन्स्पेक्टर मागच्या बाकावर बसून स्वतः लिहून घेत होते. जाताना विचारलं, उतारा कुठल्या पुस्तकातला? मी म्हटलं, माझ्या वडिलांचा. असं वाटलं की तुम्ही तिथे हवे होतात.

तुम्ही माझा सारांश आधी मागितला होता, तो हा घ्या. ‘मुलाच्या बढतीत अडथळा येऊ नये म्हणून आजारी कुंभारणीने आपले दुखणे त्याला न कळवण्याचे वचन पतीकडून घेतले. कुंभाराने दुःख गिळून काम चालू ठेवले व वचन पाळले.’ शीर्षक, ‘वचनपालन’. बसला की नाही एक तृतीयांशाच्या आत? आता दहापैकी नऊ तरी द्या.

एक गंमत सांगायची राहिली. वर्गात गुरवांची एक मुलगी आहे. वडील मुंबईला गिरणीत. आईला लिहिता येत नाही, त्यामुळे घरची पत्रं हीच लिहिते. तिनं काय लिहिलं असेल? ‘हे लिहिणाऱ्याच्या घरात कोणीतरी फार आजारी आहे. त्याला कोणाला तरी बोलवायचे आहे, पण तसे उघड लिहिता येत नाही.’ झालं, एवढाच सारांश! मी तिला विचारलं, अगं, हे उताऱ्यात कुठे आहे? म्हणते, “कुठं नाय बाई, पन आय मला सांगते ना, घरात सगळा बरा हाय असा लिव, तेव्हा ती अशीच बोलते. दुसऱ्याचाच कायतरी सांगत बसते.” मी तिला समजावलं, माझ्या वडिलांनी हा उतारा तुमच्यासाठी मुद्दाम रचला आहे, त्यांच्या घरी सगळी खुशाल आहेत. आणि फळ्याच्या कोपऱ्यातला तुमचा नियम दाखवून शून्य दिलं. तुम्हीही तेच केलं असतंत. बिचारी रडली, पण मीही रडलेच होते की नववीत.

हेडमास्तरांचा चेहरा बघून वाटतं, आपलं काम झालं. अव्वाला सांगा, मेच्या सुटीत येईन ती कायम होऊन येईन. तिला इरकल लुगडं घ्यायचं आहे. रंग कुठला हवा ते विचारून ठेवा.

तुमची
दाक्षायणी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
भवानी पेठ, सोलापूर
८ फेब्रुवारी १९७५

चि. दाक्षायणीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. अव्वाला वाचून दाखवलं. तुझा सारांश बिनचूक आहे. लांबी बरोबर, भाषा शुद्ध. नियमाप्रमाणे त्यात काढायला जागा नाही.

त्या गुरवांच्या मुलीचं शून्य खोड. तिला दहापैकी दहा दे. हे पत्र मिळताच दे. आणि ती काय म्हणाली ते तिच्याकडून पुन्हा एकदा ऐकून घे.

अप्पा

देवरुख
९ मार्च १९७५

अप्पा,

इथे परतून तीन आठवडे होऊन गेले. रोज कागद घेते आणि ठेवून देते.

‘तिला दहा दे’ हे तुमचं पत्र मला सकाळी मिळालं आणि मामाची तार दुपारी. सकाळी मी हसले होते. म्हटलं, अप्पा म्हातारपणी पाघळले, स्वतःचा नियम मोडायला लागले. दुपारी तार हातात घेऊन मी वर्गातच त्या मुलीकडे बघत उभी राहिले. तिनं पाण्याचा तांब्या आणून दिला. त्या दिवशी गाडी नव्हती. दुसऱ्या दिवशी निघाले तर कोल्हापूरला सोलापूरची गाडी चुकली. रात्र स्टँडवर काढली. मी दारात आले तेव्हा अव्वाला समाधी देऊनही झाली होती. मला तिचा चेहरा मिळाला नाही.

शपथेचं आणि उताऱ्याचं मामानं सांगितलं. म्हणून मी तुमच्याशी न बोलता सकाळच्या गाडीनं निघून आले. राग अजून आहे. तुम्ही अव्वाचं मरण मला वर्गात सोडवायला दिलंत. मी ते इन्स्पेक्टरसमोर सोडवलं आणि शाबासकी घेतली. ‘कुंभारणीचे अंग दिवसेंदिवस हलके होत चालले’ हे वाक्य मी माझ्या हातानं फळ्यावर खोडलं. मुलींना म्हटलं, बघा, हे गाळलं तरी उतारा लंगडत नाही.

परतल्यावर हेडमास्तरांना घाबरत घाबरत रजेचं विचारलं. ते म्हणाले, “अहो बाई, आईच्या आजारपणासाठी कुणी खंड लावतं का? महिनाभराची रजा जरी मागितली असतीत तरी दिली असती. तुम्ही बोललाच नाहीत.” जूनपासून मी कायम आहे हेही त्याच वेळी सांगितलं. मी ‘बरं’ म्हणून बाहेर आले. ही बातमी सांगायला माझ्याकडे कुणी नव्हतं.

दारात आल्या आल्या मी तुम्हाला एकच विचारलं होतं, अव्वा शेवटी काही बोलली का. तुम्ही म्हणालात, शांत गेली, काही बोलली नाही. अप्पा, हा सारांश झाला. मला सारांश नको. ती झोपून राहायला लागली तेव्हापासूनचं सगळं लिहा. काय खाल्लं, काय नेसली होती, कुणावर चिडली, कानडीत बोलली असेल तर कानडीत लिहा. तेच तेच चार वेळा आलं तरी चालेल. फक्त मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नका. गाळलंत तर आता मला कळेल.

दाक्षायणी

भवानी पेठ, सोलापूर
१६ मार्च १९७५

चि. दाक्षायणीस,

तू म्हणतेस तसंच लिहितो. मला हे लिहायची सवय नाही, सांगताना पुढचं मागे होईल.

ती झोपून राहायला लागली ती गड्ड्यानंतर. सिद्धेश्वराच्या काठ्यांची मिरवणूक आली तेव्हा दारापर्यंत धरून नेली होती. तिथे चौकटीला टेकून हात जोडले आणि म्हणाली, यंदा गर्दी कमी आहे. गर्दी नेहमीएवढीच होती. मग अंथरूण धरलं. शेजारची महादेवी सकाळी अंबील करून आणायची. चार घोट घ्यायची, मीठ कमी आहे म्हणायची. मीठ घातलं की जास्त झालं म्हणायची. मी एकदा चिडलो, तर म्हणाली, “आता भांडून घ्या, नंतर भिंतीशी भांडाल.” निळं लुगडं नेसायची, ते मऊ आहे म्हणून. इरकलीचा रंग विचारला होतास तू. मी विचारला. “तिच्या आवडीचा घे म्हणावं, शेवटी तिलाच नेसायचंय” म्हणाली. रोज वेणी घालायची मला सांगायची. मला तीन पेड येत नाहीत, मी नुसतं गुंडाळून ठेवायचो. महादेवीला हात लावू द्यायची नाही.

तुझं इन्स्पेक्टरचं पत्र आलं त्या दिवशी जरा बरी होती. उशाला टेकून बसली होती. मी वाचायला लागलो. कुंभाराचं आलं तशी म्हणाली, “थांबा. ही गोष्ट काय आहे ती सगळी सांगा.” मी सांगितली. ती म्हणाली, “हे आपलंच की.” मला वाटलं आता शपथेवरून रागावेल. रागावली नाही. उशी सरळ करून घेतली आणि म्हणाली, “म्हणजे दाक्षीला कळलंय.”

तुझं ‘वचनपालन’ माझ्या हातात होतं. तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. पण मी शिकवलेल्या माझ्याच मुलीला कळलं नाही, हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, “कळलं असेल.” बाकीचं पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही. तुला मात्र लिहिलं की दाखवलं.

त्या दिवसापासून ती तुझी वाट बघायला लागली. आधी नाव घ्यायची नाही, आता दार वाजलं की “दाक्षी बंदाळेनु?” मी म्हणायचो, नाही, दूधवाला आहे. पुन्हा वाजलं की पुन्हा “बंदाळेनु?” नाही, महादेवी आहे. तोंड भिंतीकडे करून झोपायची सवय होती तिची, तुला माहीत आहे. ती दाराकडे करून झोपायला लागली. दोन दिवस गेले तशी मला म्हणाली, “कळूनही आली नाही, बरं केलं तिनं. नोकरी संभाळली. शहाणी आहे.” असं म्हणायची आणि पुन्हा दाराकडे बघायची. तेव्हाही मी बोललो नाही. मी रोज ठरवायचो, आज सांगू, की तिला कळलेलं नाही, तिनं तुला टाकलेलं नाही. आणि रोज वाटायचं, माझ्या पत्रातला दहाचा आकडा बघून तू आज निघाली असशील.

मंगळवारी तिप्पण्णा आला. त्याला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाली, “आपणच नको म्हटलं म्हणून तिला यायला अवघड वाटत असेल. शपथ मी घातली होती, मीच काढून घेते. तिला तार कर. म्हणावं, अव्वा बोलावतेय.” तो तसाच पळाला. तार आपल्या मनानं केली असं तो तुला म्हणाला, ते मी त्याला सांगायला लावलं. तिनं तुला बोलावलं होतं आणि तू पोचली नाहीस, हे तुला कळू नये असं मला वाटलं. आता कळलं.

बुधवारी तिला बोलायला त्रास होत होता. तरी महादेवीला हाक मारायला लावली आणि तिच्याकडून कडक भाकऱ्या करून घेतल्या. स्वतः हात लावून बघितल्या, पातळ झाल्यात का. फडक्यात बांधून शिंक्यावर ठेवायला लावल्या, सोबत शेंगांची चटणी. मला म्हणाली, “दोन दिवसांचा प्रवास आहे. ती वाटेत काही खायची नाही, मला तिची सवय माहीत आहे. मी असेन नसेन, घरात रडारड असली तरी आधी तिला वाढा. विसराल तुम्ही.” मी म्हणालो, नाही विसरणार.

गुरुवारी दुपारी गेली. त्याआधी थोडा वेळ पुन्हा विचारलं, “बंदाळेनु?” बाहेर कुणीच नव्हतं. या वेळी मी म्हणालो, “आली. पायरीवर चप्पल काढतेय.” तिनं मान हलवली. ऐकलं की नाही, सांगता येत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तू आलीस. घरात माणसं होती. तू तिप्पण्णाशी बोललीस आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून तशीच पडलीस. मी तुझ्या समोर बसलो होतो. शिंकं तुझ्या डोक्यावर होतं. मला आठवलं ते दुसऱ्या दिवशी, तुझी गाडी गेल्यावर. तू उपाशी आलीस आणि उपाशीच गेलीस.

अप्पा